विकणाऱ्याला तुमची प्रिंट फाइल कशाला हवी असते? (स्टॉल लावणाऱ्या आर्टिस्ट लोकांनी वाचाच)

ज्यांचं स्वतःचं ड्रॉइंगचं काम आहे आणि जे स्टिकर, प्रिंट, कीचेन करून कन्व्हेन्शनला किंवा फ्ली मार्केटला विकतात त्यांच्यासाठी लिहितेय. लांब होईल, पण पूर्ण वाचा. एक माणूस फिरतोय. मराठी आहे, सगळ्यांना ताई-दादा करतो, "तुमचा माल मी दुसऱ्या शहरांत विकून देतो" म्हणतो आणि पहिल्या वेळी पैसे अगदी वेळेवर देतो. नाव लिहीत नाही कारण वकिलांनी सध्या नको म्हटलंय, पण त्याची पद्धत सगळी लिहिते, म्हणजे उद्या दुसऱ्या नावाने आला तरी ओळखता येईल.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. माझी सिरीज आहे मगरबेन. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बाहेरच्यांना खरंच वाटत नाही, इथे मात्र थंडीत पुलावरून खाली बघितलं की काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात आणि लोक स्कूटर थांबवून पोरांना दाखवतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या सोसायट्यांमध्ये शिरल्या, रेस्क्यूवाले रात्रंदिवस त्यांना पकडून नेत होते, आणि आमच्याकडे लाइट नाही, पाणी नाही अशा अवस्थेत मी वहीत पहिली मगरबेन काढली, गॅलरीत बसून पाणी उतरायची वाट बघणारी. मग सेव उसळ खाणारी, मग गणपतीत ढोल वाजवणारी, मग पतंगाच्या मांज्यात अडकलेली. लोकांना आवडली कारण ती आमच्या गावची आहे, कुठून उचललेली नाही.

एक स्टिकर करायला किती काम असतं ते सांगते, कारण पुढे जे झालं ते त्याशिवाय कळणार नाही. आधी पेन्सिलने छोटे छोटे रफ, त्यातलं एखादंच पुढे जातं, मग इंक, मग ६०० डीपीआयला स्कॅन, मग रंग. मगरीचं तोंड मिटलेलं असलं तरी खालचा चौथा दात बाहेरून दिसतो, तो मी प्रत्येक चित्रात ठेवते, त्यानेच तिचा चेहरा तयार होतो. स्क्रीनवरचा पोपटी हिरवा सीएमवायके (छपाईच्या शाईचे चार रंग) केला की मेल्यासारखा होतो, म्हणून टेस्ट प्रिंट काढून काढून स्वतःचा हिरवा शोधावा लागला, तो प्रेसवाल्या काकांनी आणि मी मिळून बसवलाय. शेवटी कटलाइन, म्हणजे कटर जिथून कापणार ती रेघ, वेगळ्या लेयरवर. मगरबेनच्या शेपटीचं टोक इतकं बारीक की कटर तिथे व्हिनाइल (स्टिकरचं प्लास्टिक) फाडायचा, म्हणून मी तिथे कटलाइन हाताने जरा बाहेर घेऊन गोल केली. ही शेपटी लक्षात ठेवा.

आता विक्री. कन्व्हेन्शनला आर्टिस्ट लोकांची टेबलं वेगळी असतात, त्यासाठी बरेच आधी अर्ज करायचा, काम दाखवायचं, निवड झाली तर टेबलाचं भाडं भरायचं. कॉमिक कॉन (कॉमिक्सवाल्यांचं मोठं कन्व्हेन्शन) २०११ मध्ये दिल्लीला सुरू झालं, आता मुंबई, बंगळूर, हैदराबाद अशा बऱ्याच शहरांत होतं, बाकीही छोटेमोठे इव्हेंट वाढलेत, आणि बरेचसे थंडीतल्या वीकेंडलाच येतात. बडोद्याहून प्रत्येक ठिकाणी जायचं म्हणजे ट्रेन, हॉटेल, टेबलचं भाडं, मालाच्या बॅगा, आणि विकायचा काय तर पन्नास रुपयांचा स्टिकर. ए-फोर प्रिंट अडीचशेला लावली की लोक हातात घेतात, फोटो काढतात आणि परत ठेवतात. म्हणजे आपण सगळीकडे जाऊच शकत नाही, आणि तो माणूस नेमका इथेच हात घालतो.

तो मला अहमदाबादच्या एका इव्हेंटला भेटला (आयोजकांचा यात काडीचाही संबंध नाही, तो तिथे तिकीट काढून आलेला). टेबलाशी बराच वेळ थांबला, पेपर किती जीएसएमचा, लॅमिनेशन मॅट का ग्लॉसी, असं सगळं माहितगारासारखं विचारलं. आडनाव ऐकून मराठीत सुरू झाला, "ताई, बडोद्याचे ना तुम्ही, माझी आत्या रावपुऱ्यात होती". मग म्हणाला माझा मोठ्या कन्व्हेन्शनमध्ये स्वतःचा बूथ असतो, मी आर्टिस्टचा माल ठेवतो, विक्रीवर ३० टक्के माझे, बाकी तुमचे, उरलेला माल परत. आता हे कन्साइनमेंट कुठल्याही दुकानात चालतं, यात संशय यावा असं काहीच नव्हतं. मी थोडा माल दिला, मोजून, लिहून. इव्हेंट संपला आणि दोन दिवसांत विक्रीचा हिशोब एक्सेलमध्ये आला, यूपीआयने पैसे आले, उरलेला माल कुरिअरने परत आला, एक कोपरासुद्धा दुमडलेला नाही. आई म्हणाली माणूस चोख आहे. सगळेच तसं म्हणाले असते. पहिल्या वेळचे ते पैसे त्याच्या धंद्यातली गुंतवणूक असते हे आता कळतंय, कारण नंतर ज्या ज्या आर्टिस्टशी मी बोलले त्या प्रत्येकीला पहिला हिशोब असाच चोख मिळालेला आहे.

दुसऱ्या वेळी मागणी वाढली. म्हणाला ताई, मगरबेन तर तिकडे हातोहात जाते, पण बडोद्याहून माल पाठवायचा, त्यात कुरिअर, त्यात माल परत, तुम्हालाच महाग पडतं, मुंबईत माझा प्रेसवाला निम्म्या रेटमध्ये काढतो, तुम्ही फाइली पाठवा, मी तिथेच छापतो, प्रत्येक नगामागे तुमची रॉयल्टी. आणि हो, लेयरवाली ओपन फाइल (म्हणजे ज्यात सगळं सुटं असतं, हवं ते बदलता येतं) पाठवा, कटलाइनसकट, नाहीतर तो प्रेसवाला सेटिंगचे वेगळे पैसे लावतो. शिवाय म्हणाला नवीन काही असेल तर तेही द्या, बूथच्या बॅनरवर लावू. मी तेव्हा नवरात्रीसाठी चनिया चोळी घातलेली, गरबा खेळणारी मगरबेन नुकतीच संपवली होती, ती अजून कुठेही छापली नव्हती, टाकली नव्हती, तीही गेली. सोबत छापील मालाचा एक मोठा खोका पण गेला.

मग सुरू झालं. हिशोब आज देतो, उद्या देतो. मग म्हणाला या वेळी गर्दीच नव्हती. मग माल ट्रान्सपोर्टमध्ये भिजला. भिजलेल्या मालाचा फोटो मागितला तर म्हणे फेकून दिला. रॉयल्टीचं विचारलं तर म्हणे अजून छापलंच नाही. बिल तरी द्या म्हटलं तर त्याने पहिल्या वेळच्या कमिशनचं एक बिल पाठवलं, जीएसटी नंबर टाकून, आणि ते मात्र उपयोगी पडलं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, गुजरातचे २४, महाराष्ट्राचे २७, मध्य प्रदेशचे २३, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. हा स्वतःला ठाण्याचा सांगत होता आणि नंबर २४ ने सुरू. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता, फुकटात, नंबर टाकून शोधता येतं. टाकला, तर दुसऱ्याच कुणाचं नाव आणि रजिस्ट्रेशन रद्द झालेलं. कोणालाही माल देण्याआधी ही दोन मिनिटांची तपासणी करा, मोठ्या बूथवाल्यालासुद्धा.

आणि मग माझा मावसभाऊ, तो बंगळूरला असतो, एका इव्हेंटला गेला आणि त्याने फोटो पाठवला, "ताई तुझी मगर इथे आहे, तू आली आहेस का?" ॲक्रिलिक कीचेन, टीशर्ट, कॉफी मग, सगळ्यावर मगरबेन, माझी सही पुसलेली, खाली भलत्याच ब्रँडचं नाव. मी त्याला एक कीचेन विकत घ्यायला लावली, बिलासकट. ती हातात आली तेव्हा मी आधी शेपटी बघितली. ॲक्रिलिक लेझरने कापतात, तिथे व्हिनाइल फाटायचा प्रश्नच नाही, तो गोल वळसा तिथे असायचं काही कारणच नाही, पण होता, अगदी माझ्या हाताने काढलेला तसाच. आणि टीशर्टवर गरबावाली होती, जी माझ्या कॉम्प्युटरमधून फक्त त्याच्याकडे गेली होती. मला फार रडू आलं, पैशांसाठी नाही, पुराच्या त्या आठवड्यात काढलेली गोष्ट कुणीतरी नाव खरवडून विकत होतं म्हणून.

त्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं, "मगर काय तुमची एकटीची आहे का? आजकाल असं सगळं एआयने निघतं." त्यानंतर ब्लॉक.

बरेच जण मला म्हणाले तू फाइल दिलीसच कशी. हे मला मान्य नाही. फाइल दिल्याशिवाय कुणाचंच काही छापलं जात नाही, आपण प्रेसला रोज देतो. पण प्रेसवाला आपल्याकडून छपाईचे पैसे घेतो, बिल देतो, सगळे नग आपल्या हातात ठेवतो, त्याचा विक्रीशी संबंध नाही. विकणाऱ्याचं उलटं, त्याला तयार नग लागतात, मोजून, डिलिव्हरी चलनावर सही घेऊन. बॅनर, पोस्ट, कॅटलॉग यासाठी कमी रिझोल्यूशनची, ७२ डीपीआयची, मधोमध नाव टाकलेली जेपीजी पुरते. जो विकणाराही तोच आणि छापणाराही तोच, त्याने किती छापले हे आपल्याला कधीच कळणार नाही. म्हणून विकणारा ओपन फाइल आणि कटलाइन मागायला लागला की तिथेच थांबा, कितीही ओळखीचा असू दे.

कायद्याचं मला जे कळलं ते सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढलं की हक्क आपोआप आपला, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पण केलं तर पुरावा पक्का होतो, चित्रामागे साधारण पाचशे रुपये फी, ऑनलाइन होतं. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सही करून द्यावा लागतो, म्हणजे फोनवर "छापा" म्हटलं म्हणून चित्र त्याचं होत नाही. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. मी पोलिसांकडे गेले तेव्हा हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा, असं सांगून परत पाठवलं. तुम्हालाही सांगतील. तेव्हा हे सांगा की मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलिसांना स्वतः नोंदवता येतो) आणि अजामीनपात्र आहे असा निकाल दिलेला आहे, त्याची प्रिंट सोबत न्या. मी दुसऱ्यांदा वकिलांबरोबर ती घेऊन गेले तेव्हा अर्ज घेतला आणि पोच दिली. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० हा नंबर खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच लावायचा, माझ्या बाबतीत माल आणि फाइली गेलेल्या, त्यामुळे तिथून फार काही झालं नाही.

ऑनलाइन जिथे जिथे मगरबेन विकायला दिसली तिथे तक्रारी टाकल्या, रफ वहीच्या पानांचे फोटो, लेयरवाल्या फाइलच्या तारखा, त्याला पाठवलेला ईमेल जोडून. बरीच लिस्टिंग उतरली, काही आठवड्याभरात नवीन नावाने परत चढली, मी परत टाकते. नोटीस त्याच्या पत्त्यावरून "या नावाचं कोणी राहत नाही" म्हणून परत आली. खोक्यातल्या मालाचे पैसे मिळालेले नाहीत. गरबावाली मगरबेन मी शेवटी स्वतः छापली, स्टॉलवर ठेवली, आणि एक मुलगी म्हणाली ही तर मी आधी बघितलीये, कॉपी आहे ना? तिला वही उघडून पहिलं रफ दाखवलं. आता ती वही टेबलावरच ठेवते.

आणि हे अगदी आज करा. त्याने माझ्याबरोबरच्या व्हॉट्सॲप चॅटला मेसेज आपोआप गायब व्हायची सेटिंग लावली होती, "फोन भरतो हो ताई" म्हणून, त्यामुळे ३० टक्क्यांचं, रॉयल्टीचं, सगळं बोलणं उडालं, माझ्याकडे राहिलं ते फक्त ईमेल, कुरिअरच्या पावत्या आणि पहिल्या वेळचा यूपीआयचा नंबर. ज्यांचा माल किंवा फाइल आत्ता अशा कुणाकडे आहे त्यांनी ती सेटिंग बंद करा, चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा, आणि उरलेला माल मोजून परत मागवा. माल मागितल्यावर तो पुढच्या इव्हेंटचं आमिष दाखवेल. तरी मागवा.