गॅलिकावर बोदलेरची प्रुफं बघाच
बोदलेरसारख्या फ्रेंच कवीच्या हातचा कागद विकत घेणं आपल्या आवाक्याबाहेरचं, 2018 मध्ये बोदलेरचं नुसतं एक पत्र लिलावात 2,34,000 युरोला गेलं. पण फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका साइटवर 'ले फ्लर द्यु माल' या त्याच्या कवितासंग्रहाची 1857 ची प्रुफं (छपाईआधी तपासायची पानं) चक्क फुकट बघता येतात आणि खरं सांगते, झूम केलं ना की त्याची खोडाखोड, बदललेले शब्द, समासात प्रकाशकाशी घातलेली हुज्जत सगळं समोर येतं, एकेका स्वल्पविरामासाठी जीव टाकलाय माणसानं! छापील पुस्तकात यातलं काहीच कळत नाही. अक्षर लावायला वेळ लागतो, छापील कविता शेजारच्या टॅबमध्ये उघडी ठेवा. कलेक्टर असाल तर आधी हे अक्षर नीट ओळखीचं करून घ्या, मगच लिलावाकडे वळा.