हुतात्मा चौकातला जुना कोश आणि 'सर्टनली'चे कूळ

इंग्रजी शब्दकोश घेण्यापूर्वी मी त्यातील 'सर्टनली' ही नोंद उघडून पाहतो, कारण इतका सोपा शब्द कोशकाराने कसा हाताळला आहे यावरून उरलेल्या पानांचा अंदाज येतो. हुतात्मा चौकातील पदपथावर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलेला हा इंग्रजी-इंग्रजी कोश त्या कसोटीला बऱ्याच अंशी उतरला, म्हणून घासाघीस करून 400 रुपयांना घेतला.

'निःसंशय' हा अर्थ आणि होकारार्थी 'अवश्य' हा वापर कोशाने वेगळे दिले आहेत. खरी मेजवानी मात्र नोंदीच्या शेवटी, चौकटी कंसात आहे. लॅटिन 'सर्टस' म्हणजे ठरलेले, पक्के. तो शब्द 'सेर्नेरे' या क्रियापदापासून आला असून त्याचा जुना अर्थ चाळणे, वेगळे काढणे असा आहे. जुन्या फ्रेंचमार्फत तो इंग्रजीत 'सर्टन' झाला. 'डिसर्न' आणि 'सीक्रेट' ही त्याच घराण्यातली, तर 'क्रायसिस' ग्रीक शाखेतला चुलत भाऊ. (आपला 'अलबत' अरबीतून फारसीमार्गे आला आणि त्याच्या मुळाशी कापण्याची क्रिया आहे, म्हणजे खात्रीसाठी कोणी चाळणी घेतली, तर कोणी सुरी.) शेवटचा '-ली' मात्र लॅटिन नव्हे. तो जुन्या इंग्रजीतील 'शरीर, रूप' या अर्थाच्या शब्दाचा अवशेष आहे आणि 'लाइक'चे मूळही तेच. पण त्यासाठी वेगळी नोंद शोधावी लागते.

अधिक खटकते ती 'शुअरली'ची नोंद. 'शुअर' हा 'सेक्युरस', म्हणजे चिंतामुक्त, या लॅटिन शब्दापासून आला हे कोश सांगतो, पण अर्थ म्हणून नुसते 'सर्टनली' लिहून मोकळा होतो. वास्तविक 'शुअरली यू नो हिम' असे म्हणणारा माणूस खात्री देत नसतो, तर 'तुम्ही त्यांना ओळखत असालच ना' अशा सुरात दुजोरा मागत असतो. कार्यालयीन पत्रात हा फरक न कळल्यास विनंतीची चक्क हमी होते.

कोशाची शिवण घट्ट आहे, पाठीवरचे कापड मात्र सुटले आहे. 'एस'ची काही पाने पावसाने फुगली आहेत आणि कंसातला मजकूर भिंगाशिवाय वाचवत नाही. तरीही व्युत्पत्तीची आवड असणाऱ्याने या भावात असा कोश सोडू नये. विक्रेते पाने निवांत उलटू देतात. किंमत मात्र पुस्तक खाली ठेवून दोन पावले पुढे गेल्याशिवाय उतरत नाही.