85 पुरे की 120 हवीत? चतुर्थीला झालेला वाद

चतुर्थीला सगळे गोव्यात डिचोलीच्या घरी जमलो होतो, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधता बांधता चुलतभावाने विषय काढला की म्हातारपण लांबवणारं औषध मिळालं तर 120 पर्यंत जगणार का. अर्धे हो म्हणाले, अर्धे म्हणाले 85 खूप झाली. अमेरिकेत 2013 मध्ये प्यू रिसर्चने हेच विचारलं होतं, 56 टक्के लोक नको म्हणाले, पण 68 टक्क्यांना वाटलं की बाकीच्यांना मात्र हवं असणार. आपण सोडून सगळे हावरट, दुसरं काय!

85 चं गणित सोपं आहे, साठीला रिटायर, पुढे पंचवीस वर्षं रेटायची. 120 म्हटलं की तेच पैसे साठ वर्षं पुरवायचे, आणि गोवा सरकारच्या दयानंद योजनेचं म्हातारपणचं पेन्शन आजच कुठे पुरतं.

पण खरी गंमत घराची. फ्रान्सच्या जीन काल्माँचं घर 1965 मध्ये एका वकिलाने घेतलं, ती तेव्हा 90 ची, करार असा की ती असेपर्यंत महिन्याला 2,500 फ्रँक द्यायचे आणि गेल्यावर घर याचं. तीस वर्षं भरून 1995 ला तोच गेला, पुढे बायको भरत राहिली, आणि म्हातारी 1997 ला गेली, 122 वर्षांची! आता आपल्या गोव्यात बघा, कायद्याने अर्धी मालमत्ता मुलांना सोडावीच लागते, म्हणजे बाप 120 ला गेला तर पोरगा नव्वदीत इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वाटणीच्या दाव्याच्या, तारखांना काठी टेकत कोर्टात. वाटण्या आत्ताच संपत नाहीत, तेव्हा काय होईल.

तब्येतीचं वेगळं काय सांगू, शेवटी काल्माँबाईंना धड दिसत नव्हतं की ऐकू येत नव्हतं. औषधाने गुडघे, डोळे पण टिकणार असतील तर 120 कडे बघा, नाहीतर सोडा.

आमची आजी 93 ची, पोर्तुगीज बघितलेली, 1961 ची गोवामुक्ती बघितलेली. तिला विचारलं तर नेवरीची (करंजीची) कड मुरडत म्हणाली, "मला नावानं हाक मारणारं कोण उरलंय रे? सगळे आजीच म्हणतात." यावर कोणाला काही सुचलं नाही. म्हणून माझं मत, तुमची अख्खी गँग ते औषध घेणार असेल तरच घ्या, एकट्याने नको. मी सध्या 95 वर अडलोय. बायको 120 म्हणतेय, त्यामुळे बघू.