बर्फातल्या शूटसाठी फोटोग्राफर हवा तर असाच!

बर्फाळ डोंगरात पुन्हा एकदा लग्नाच्या शपथा घ्यायच्या होत्या, फक्त घरचे चौघं, त्यामुळे सारखं इकडे बघा तिकडे बघा करणारा फोटोग्राफर अजिबात नको होता आणि यांनी ते बरोब्बर ओळखलं, लांबची लेन्स लावून बाजूला उभे राहिले. बर्फात कॅमेरा फसतो, पांढरं सगळं करडं येतं, म्हणून एक्सपोजर (फोटोसाठी कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) १ ते २ स्टॉप, म्हणजे दुप्पट ते चौपट, वाढवून घेतलेलं. जादा बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, थंडीत पटकन उतरतात ना! शपथ वाचताना आमच्या ह्यांच्या पापणीवर अडकलेला बर्फाचा कण, तोसुद्धा फोटोत स्पष्ट दिसतो!! अल्बम जरा उशिरा आला, पण डोळे झाकून बुक करा.