एमएलबी टीव्ही मुंबईतून: सातव्या इनिंगनंतरचं बेसबॉल

एमएलबी टीव्ही म्हणजे अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचे सामने दाखवणारी सशुल्क ऑनलाइन सेवा. स्टार खेळाडू शोहेई ओहतानीचे होम रन बघायला तिचे पैसे भरायची काहीच गरज नाही, ते यूट्यूबवर फुकट मिळतात. ही सेवा घ्यावी ती रिलीफ पिचरसाठी, म्हणजे सुरुवातीच्या पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) जागी मागाहून येणाऱ्यांसाठी. नऊपैकी सातव्या इनिंगला यायचं, पंधरा-वीस चेंडू टाकायचे, निघून जायचं आणि महिन्याभराने दुसऱ्याच शहराच्या शर्टात उभं राहायचं, असं ज्यांचं आयुष्य, त्यांच्या क्लिपा कोणी कापून ठेवत नाही. त्यांना बघायचं तर पूर्ण सामनाच लागतो.

आणि वेळ मुंबईकरांच्या पथ्यावर पडते. न्यू यॉर्क, अटलांटा, बॉस्टन इथले रात्रीचे सामने तिकडे साधारण सात वाजून दहा मिनिटांनी सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे ४:४०. २०२३ मध्ये पिच क्लॉक (प्रत्येक चेंडूसाठी वेळेची मर्यादा) आल्यापासून सामना सरासरी पावणेतीन तासांच्या आत आटोपतो. सातवी इनिंग लागते ती सव्वासहा-साडेसहाच्या सुमारास. दूध आलेलं असतं, चहा गॅसवर असतो, आणि बुलपेनचं, म्हणजे रिलीफ पिचर जिथे तयारीत बसतात त्या जागेचं, दार उघडतं. पहाटे उठून पहिल्या सहा इनिंग बघायची सक्ती नाही. शिकागो, सेंट लुईसचे सामने अर्धा-एक तास पुढे. लॉस एंजेलिस, सिएटलचे साधारण सकाळी ७:१० ते ७:४० च्या दरम्यान सुरू होतात. त्यांचे रिलीव्हर साडेनऊ-दहाला येतात, म्हणजे ऐन ऑफिसच्या गर्दीत. लोकलमध्ये चित्र अडकत असेल तर सरळ रेडिओ कॉमेंट्रीवर जा. ती याच सबस्क्रिप्शनमध्ये आहे, डेटाही अगदी कमी खाते.

सामना नंतर बघणार असाल तर दोन गोष्टी आधी करा. सेटिंगमध्ये स्कोअर लपवा, नाहीतर ॲप उघडताक्षणी निकाल डोळ्यांत घुसतो. दुसरं, ‘कंडेन्स्ड गेम’च्या, म्हणजे कापून छोट्या केलेल्या सामन्याच्या, नादी लागू नका. नवखे इथेच फसतात. त्यात बहुतेक वेळा बॅटरचा निकाल लागणारा शेवटचा चेंडूच ठेवतात. रिलीफ पिचरची सगळी कारागिरी त्याआधीच्या चार चेंडूंत असते आणि नेमकी तीच कापली जाते. पूर्ण रीप्ले उघडा आणि पट्टी सरळ १ तास ४० मिनिटांवर ओढा.

बघायचं काय? २०२० पासून नियम असा की आलेल्या पिचरने किमान तीन बॅटरना तोंड द्यायचं किंवा इनिंग संपवायची. एकाच डावखुऱ्या बॅटरपुरतं आणलेल्या स्पेशालिस्टचं दुकान त्यामुळे जवळपास बंद झालं. म्हणून पहिल्या बॅटरला पहिला चेंडू कोणता पडतो ते नीट बघा. वेग उतरलेला जुना पिचर बऱ्याचदा स्लायडर किंवा कटर या वळणाऱ्या चेंडूंनीच सुरुवात करतो. फास्टबॉलची अपेक्षा तयार झाली की मग तो दाखवतो. कॅचरचा (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा) ग्लोव्ह कुठे होता आणि चेंडू कुठे पोचला, तेवढ्यावरून त्या दिवशीचा हात कळतो. ग्लोव्ह बाहेरच्या कडेला आणि चेंडू मधोमध, असं लागोपाठ दोनदा झालं की तिसरा चेंडू प्रेक्षकांत जाऊ शकतो. पडद्यावरचा वेग मैलांत असतो, १.६१ ने गुणा. ९५ मैल म्हणजे १५३ किलोमीटर. एरवी ९५ टाकणारा ९२ वर आला असेल तर आदल्या दोन दिवसांत त्याने किती चेंडू टाकलेत ते त्या सामन्यांच्या बॉक्स स्कोअरमध्ये (धावफलकात) बघा, उत्तर बहुतेक तिथेच सापडतं. प्रत्येक चेंडूचा वेग आणि फिरकी बेसबॉल सॅव्हंट या साइटवर फुकट आहे. एमएलबी टीव्हीच्या जोडीला ती उघडी हवीच.

आता हे लोक इतके संघ का बदलतात? आयपीएलमध्ये जयदेव उनाडकटने आठ संघांचे शर्ट घातले, पण तिथे लिलाव ठरलेल्या वेळी होतो. इथे हंगाम चालू असताना कधीही. संघात २६ खेळाडू, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. एखाद्या रात्री सुरुवातीचा पिचर दुसऱ्याच इनिंगला मार खाऊन बाहेर गेला की बुलपेन रिकामं होतं आणि दुसऱ्या दिवशी ताजा हात लागतो. जागा करायला कोणाला तरी काढावं लागतं. तरुणाकडे ‘ऑप्शन’ शिल्लक असतात, त्याला मायनर लीगला, म्हणजे खालच्या स्तराच्या स्पर्धेत, पाठवलं की भागतं. अनुभवी माणसाचे ऑप्शन संपलेले असतात. त्याचं होतं डीएफए (डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट). ४० जणांच्या यादीतून (२६ जण त्यातलेच) नाव निघतं आणि संघाकडे सात दिवस असतात: ट्रेड करा, वेव्हरवर टाका (म्हणजे इतर संघांना त्याला उचलू द्या) किंवा सोडून द्या. पगारही मेजर लीगमध्ये काढलेल्या दिवसांवर मोजला जातो. सेवेचं एक वर्ष भरायला १७२ दिवस लागतात. १६० व्या दिवशी नाव निघणं म्हणजे काय, हे यावरून समजा.

२०१८ मध्ये ऑलिव्हर ड्रेक एकाच हंगामात पाच संघांकडून खेळला. ओक्टाव्हियो डोटेलचे कारकिर्दीत तेरा संघ झाले. पण या धंद्याचा खरा नमुना जेसी चावेझ. २००२ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) ४२ व्या फेरीत निवडलेला हा मुलगा २००८ मध्ये मेजर लीगला पोचला आणि चाळिशी ओलांडेपर्यंत टाकत राहिला. एकट्या २०२२ चा त्याचा प्रवास बघा: एप्रिलमध्ये कब्ज संघाकडून ब्रेव्ह्ज, २ ऑगस्टला ब्रेव्ह्जकडून एंजल्स, आणि महिना संपायच्या आत वेव्हरवरून परत ब्रेव्ह्ज. अशा माणसाचा एक हंगाम आर्काइव्हमधून ओळीने बघायला बसा. शर्ट बदलतो, कॅचर बदलतो, कटर मात्र तोच असतो. एवढ्या एका गोष्टीसाठीही सबस्क्रिप्शनचे पैसे वसूल आहेत.

आर्काइव्हमध्ये नावाने शोधाशोध करत बसू नका. बेसबॉल रेफरन्सवर पिचरच्या गेम लॉगमध्ये तारीख, प्रतिस्पर्धी आणि तो कोणत्या इनिंगला आला हे सगळं असतं. त्याच्या मुख्य पानावर खाली त्याच्या प्रत्येक देवाणघेवाणीची नोंद असते. ती तारीख घेऊन एमएलबी टीव्हीच्या कॅलेंडरमध्ये जा. घरच्या आणि पाहुण्या संघाची कॉमेंट्री वेगवेगळी निवडता येते. पिचर ज्या संघाचा, त्या संघाची घ्या. त्याच्या हाताबद्दल खरी माहिती तिथेच मिळते, समोरचे कॉमेंटेटर फक्त आकडे वाचतात.

एक उणीव खटकते. पिचर बदलताना प्रक्षेपण ब्रेकवर जातं, त्यामुळे त्याचे सरावाचे चेंडू बहुतेक वेळा दिसत नाहीत. जाणकाराला तेच तर बघायचं असतं.

आपल्याकडच्यांना रिंकू सिंग आठवत असेल. उत्तर प्रदेशातला भालाफेकपटू, क्रिकेटवाला नव्हे. २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला घेतलं आणि मायनर लीगमध्ये तो डावखुरा रिलीव्हर म्हणून उभा राहिला. मेजर लीगपर्यंत पोचला नाही. त्या शिडीची उंची कळायला ट्रिपल-एचा (मायनर लीगच्या सर्वात वरच्या पायरीचा) एखादा सामना जरूर बघा. डीएफए झालेले निम्मे चेहरे तिथे भेटतात.

वर्षभराचे पैसे द्यायचे नसतील तर एकच महिना घ्या, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. ट्रेडची मुदत जुलैच्या अखेरीला किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला संपते आणि सगळ्यात जास्त उलथापालथ बुलपेनमध्येच होते. मंगळवारी एका डगआउटमध्ये (संघाच्या बसायच्या जागेत) दिसलेला माणूस शुक्रवारी समोरच्या डगआउटमध्ये असू शकतो. दोन्ही सामने आर्काइव्हमध्ये सापडतील.