सवलतीतला अँटमायनर एस१९जे प्रो : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून

सेकंडहँड माइनर (आकडेमोड करून बिटकॉइन मिळवणारं यंत्र) स्वस्तात मिळतोय, घेऊ का, असं आजकाल बरेच जण विचारतात. मी उलट विचारतो, तुम्हाला वीज काय भावाने पडते? यंत्राच्या किमतीचं नंतर बघू.

एस१९जे प्रो कागदावर १०० टेराहॅश (आकडेमोडीचा वेग) देतो आणि ३,०५० वॅट खातो. चोवीस तास चालवला तर दिवसाला ७३ युनिट. युनिट दहा रुपयांनी धरा, महिन्याचं बिल बावीस हजारांच्या आसपास जातं. एप्रिल २०२४च्या हाल्विंगला, म्हणजे बक्षीस निम्मं होतं तेव्हा, प्रत्येक ब्लॉकचं (व्यवहारांच्या नव्या गठ्ठ्याचं) बक्षीस ६.२५वरून ३.१२५ बिटकॉइनवर आलं. टेराहॅशमागे रोजची कमाई पाच सेंट धरली तरी दिवसाला हातात चारशे-साडेचारशे रुपये, आणि वीज सातशे तीसची! नवा एस२१ साधारण साडेतीन हजार वॅटमध्ये २०० टेराहॅश काढतो. त्यामुळे मोठे फार्मवाले जुना माल काढून टाकतात आणि तोच आपल्याकडे 'ऑफर' म्हणून येतो.

मी घेतला, कारण गाळ्याच्या पत्र्यावर सोलर आहे आणि दुपारची वीज उरते. पन्नास हजारांना पडला. कडक उन्हात पाच-सहा तास चालतो, शंभरेक रुपये सुटतात. म्हणजे पैसे वसूल व्हायला असे पाचशे दिवस हवेत, तेही डिफिकल्टी, म्हणजे बिटकॉइन मिळवण्याची काठिण्यपातळी, आहे तिथेच राहिली तर. ती दर २,०१६ ब्लॉकनंतर बदलते आणि आजवरचा कल वरच जाण्याचा आहे. शिवाय ऊन जितकं चांगलं तितका गाळा तापलेला. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली तीन किलोवॉटची धग सोसेना, भर दुपारी बंद ठेवावा लागला.

आवाज ७५ डेसिबल. शेजारी लेथ चालतात म्हणून खपून गेलं. फ्लॅटमध्ये लावाल तर पहिल्याच रात्री सोसायटीचे सेक्रेटरी दारात येतील. साध्या सॉकेटवर तर लावूच नका. १३ अँपिअर सतत ओढतो, स्वतंत्र एमसीबी आणि जाड वायर हवीच.

खरी मेख हॅशबोर्डात, म्हणजे आकडेमोडीच्या चिप बसवलेल्या पाट्यांत. तीन बोर्ड, प्रत्येकावर १२६ चिप. विक्रेत्याने 'फुल टेस्टेड' म्हणून दहा मिनिटं चालवून दाखवलं. पावसाळा लागला आणि एका बोर्डाच्या लॉगमध्ये शून्य चिप दिसू लागल्या. कारागिराने हीटसिंक काढला तर खाली कनेक्टरपाशी हिरवट गंज. आधी कुठेतरी दमट जागी राबलेला, वरून ब्लोअर मारून चकचकीत केलेला. त्यात माझं रोजचं चालू-बंद. तापणं-निवणं जुन्या सोल्डरला सोसत नाही. म्हणून घेताना स्क्रीनवरच्या आकड्यावर जाऊ नका. पूलवरची (अनेक माइनर एकत्र जोडले जातात त्या सेवेवरची) चोवीस तासांची सरासरी मागा. फर्मवेअर (यंत्राचं आतलं सॉफ्टवेअर) घरी आल्यावर नव्याने टाका, नाहीतर त्यात कुणी फेरफार केलेला असला तर तुमच्या विजेवर दुसऱ्याचं पाकीट भरेल.

कराचं तर विचारूच नका. १ एप्रिल २०२२पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के, वर सेस. माइनिंगच्या यंत्रणेचा खर्च खरेदी किमतीत धरता येत नाही, हे सरकारने संसदेत सांगितलेलं आहे. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातूनही वजा होत नाही.

सध्या दोन बोर्डांवर चाललाय, ६६ टेराहॅशच्या आसपास. तिसऱ्याच्या दुरुस्तीचे अकरा हजार सांगितलेत. त्या पैशांत मी गाळ्याला एक्झॉस्ट बसवतोय.