झोप ट्रॅक करायला स्मार्टवॉच घ्यावं की रिंग?

घड्याळ की रिंग (बोटात घालायची सेन्सरवाली अंगठी) हे सारखं कोणी ना कोणी विचारतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. दोन्ही मी वापरलीत, मधे बरेच दिवस तर दोन्ही एकाच वेळी घालून झोपलोय, आणि आता रात्री एकच घालतो. स्टेप्स, कॉल, वॉटरप्रूफ वगैरे तुम्हाला माहीतच असणार, त्यात जात नाही. फक्त झोपेबद्दल बोलू.

सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य करून टाकूया की दोन्हीपैकी कोणीच झोप मोजत नाही, दोन्ही अंदाज बांधतात. खरी झोप मोजली जाते स्लीप लॅबमध्ये, पॉलिसॉम्नोग्राफीत. डोक्याला ईईजीच्या (मेंदूच्या विद्युत लहरी टिपणाऱ्या) वायरी, डोळ्यांच्या हालचालीसाठी वेगळ्या, हनुवटीपाशी स्नायूंसाठी अजून, आणि मग रात्रभराच्या रेकॉर्डिंगचे ३०-३० सेकंदांचे तुकडे पाडून एक प्रशिक्षित माणूस प्रत्येक तुकडा बघून ठरवतो की हा जागा, हा एन१, एन२ (दोन्ही हलकी झोप, म्हणजे ॲपमधली लाइट स्लीप), एन३ (गाढ झोप, म्हणजे डीप), हा रेम (स्वप्नांची झोप). तिथेही एकच रेकॉर्डिंग दोन जाणकारांना दिलं तर त्यांचं साधारण ८० टक्क्यांच्या आसपासच जुळतं. आपल्या मनगटावर किंवा बोटात यातलं काहीच नाही. हालचाल ओळखणारा ॲक्सेलरोमीटर आहे, कातडीत प्रकाश टाकून नाडी बघणारा सेन्सर आहे, बऱ्याच नव्या मॉडेलांत त्वचेचं तापमान आहे, बस. बंद दाराबाहेर उभं राहून आवाजावरून आत काय चाललंय ते ओळखायचं, तसला प्रकार. गाढ झोपेत नाडी मंद आणि एकसारखी होते, रेममध्ये अंग निपचित पण नाडी अनियमित, अशा खुणांवरून अल्गोरिदम टप्पे ठरवतो. यातून जेवढं निघतं तेवढं निघतं हेच मला तर आश्चर्य वाटतं.

आता टक्केवारीच्या जाहिराती. "९० टक्के अचूक" असं कुठे वाचलं तर आधी बघायचं की कशाबद्दल. अंथरुणात असताना बहुतेक वेळ आपण झोपलेलोच असतो, त्यामुळे एखाद्या डिव्हाइसने डोळे मिटून सगळीच रात्र "झोप" म्हणून टाकली तरी ते ९० टक्क्यांच्या आसपास बरोबर येतं. तसंच टप्प्यांचं. रात्रीतला साधारण निम्मा वेळ लाइट स्लीप असते, म्हणजे सगळ्याला लाइट म्हटलं तरी निम्मं बरोबर. त्यामुळे जाग, लाइट, डीप, रेम हे चारही टप्पे धरून ६०-७० टक्के जुळतंय असं कोणी म्हणालं तर ते वाईट नाही, पण वाटतं तेवढं भारीही नाही.

खरी परीक्षा असते जाग ओळखण्याची, आणि इथे दोन्ही कमी पडतात. पहाटे तीनला जाग आली, कूस न बदलता तसंच पडून राहिलो, डोक्यात दुसऱ्या दिवसाचे विचार चालू, असं तासभर चालतं कधीकधी. सकाळी घड्याळाच्या ॲपमध्ये त्या तासाला एकसलग लाइट स्लीप. रिंगमध्ये त्याच वेळेला जागेची एक बारीक रेघ दिसते, पूर्ण तास नाही, पण काहीतरी झालंय हे तिला कळलेलं असतं. प्रत्येक वेळी कळतं असं नाही, काही रात्री तीही सरळ गाढ झोपवते मला. झोपण्याआधी आडवं पडून पुस्तक वाचायची सवय असेल तर दोन्हींना तुम्ही झोपलात असं वाटू शकतं, फक्त घड्याळाला जरा जास्त लवकर वाटतं. ज्यांना निद्रानाश आहे त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं, कारण शांत पडून जागं राहणाऱ्याच्या बाबतीतच ही डिव्हाइस सगळ्यात जास्त चुकतात आणि झोप आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. डॉक्टरांना तो चार्ट दाखवायचा असेल तर बरोबर एक वही ठेवा, किती वाजता जाग आली ते सकाळी उठल्यावर अंदाजाने लिहा.

दोन्ही एकाच रात्री घालून मला जे दिसलं ते असं की कधी झोपलो आणि कधी उठलो यावर दोघांचं बऱ्यापैकी एकमत असतं. भांडण डीप स्लीपवर. एक म्हणणार आज भरपूर डीप, दुसरी म्हणणार जेमतेम, आणि मी मात्र तोच एक माणूस. डीप बहुतेक रात्रीच्या पहिल्या भागात आणि रेम पहाटेकडे जास्त, हा ढोबळ आकार दोन्हींत येतो, पण मिनिटांचे आकडे मी बघायचंच सोडलंय. एकाच डिव्हाइसचा ट्रेंड बघायचा, दोन डिव्हाइसचे आकडे शेजारी ठेवायचे नाहीत.

सिग्नलच्या बाबतीत रिंगला थोडा फायदा आहे असं मला वाटतं. बोटात रक्ताची लाट मनगटापेक्षा ठळक मिळते, म्हणून हॉस्पिटलातही ऑक्सिजनचा क्लिप बोटालाच लावतात. घड्याळाचा पट्टा झोपेत सैल राहिला किंवा मनगटाच्या हाडावर सरकला की सेन्सरचा हिरवा प्रकाश बाहेर गळतो आणि नाडीच्या ग्राफमध्ये खड्डे पडतात. टॅटूवरही हा हिरवा प्रकाश अडखळतो. अर्थात रिंग सैल असेल तर तीही बोटात फिरते आणि सेन्सर वरच्या बाजूला येतो, मग तिचेही हेच हाल.

पण खरं सांगायचं तर अचूकतेवरून निर्णय झालाच नसता, फरक तेवढा मोठा नाहीये. मला वैताग आला तो चार्जिंगचा. माझं घड्याळ दिवसभर घातलं की रात्री झोपायच्या वेळी बॅटरी तळाला गेलेली. कंपनीच्या हिशोबाने मी ते संध्याकाळी अर्धा तास चार्जरवर ठेवायचं आणि मग घालून झोपायचं. ज्या दिवशी सगळं वेळेवर असतं, जेवण वेळेवर, आवराआवर झालेली, त्या दिवशी हे जमतं. ज्या दिवशी काम उशिरापर्यंत लांबतं, प्रवासातून मध्यरात्री घरी येतो, घरात कोणी आजारी असतं, त्या दिवशी घड्याळ चार्जरला लावून आपण आडवे. म्हणजे नेमक्या वाईट रात्रीच रेकॉर्डमधून गायब! आणि माझ्या ॲपमध्ये रिकामी रात्र सरासरीत धरलीच जात नाही, त्यामुळे महिन्याची सरासरी बघावी तर एकदम छान, माणूस अगदी नियमित झोपतोय. घड्याळ घातलेल्या प्रत्येक रात्रीचा डेटा हातात असून महिन्याचं चित्र खोटं. हे कळल्यावर मला सेन्सर कुठला आणि अल्गोरिदम कोणाचा यात रस उरला नाही, कारण न घातलेल्या डिव्हाइसची अचूकता शून्य.

रिंगचं कसं, कितीतरी दिवस चार्जिंगची आठवणच होत नाही, आणि लावायची तर आंघोळ, दाढी एवढ्या वेळात पुरेशी भरते. उशिराची रात्र असो की प्रवासाची, ती बोटात असतेच. मग पहिल्यांदाच मला माझ्या आठवड्याचा खरा आकार दिसला, कामाच्या गर्दीत दोन-तीन रात्री कशा सलग कोसळतात, आणि नंतर दोन दिवस रात्रीची नाडी कशी चढी राहते ते. घड्याळात हे कधीच आलं नव्हतं.

अजून एक, रिंगला स्क्रीन नाही. रात्री कूस बदलली की उजेड नाही (घड्याळात स्लीप मोड लावता येतो, ते ठीक आहे), आणि जाग आल्यावर किती वाजले, किती झोप झाली हे बघायचा मोह नाही. याला मी हलकं घेत नाही. २०१७ मध्ये एका वैद्यकीय जर्नलमध्ये अशा पेशंटबद्दल आलं होतं ज्यांची लॅबमधली झोप नीट निघाली तरी त्यांचा विश्वास ट्रॅकरच्या आकड्यावरच, आणि तो आकडा सुधारायच्या नादात झोपेचीच काळजी वाढत गेलेली. तुमचा स्वभाव तसा असेल तर स्कोअर सकाळी चहा झाल्यावर बघा, किंवा आठवड्यातून एकदाच.

रिंगचे त्रासही आहेत. व्यायामात डंबेल, बार पकडताना ती टोचते आणि ओरखडे पडतात, काढूनच ठेवावी लागते. आतली बॅटरी इवलीशी, बदलता येत नाही, दोन-तीन वर्षांनी दम कमी होणार हे धरून चालायचं. काही कंपन्या दर महिन्याला पैसे मागतात, न दिल्यास निम्मं ॲप बंद, ते खरेदीआधी बघा. गादीखाली ठेवायची मॅट आणि ईईजीवाले हेडबँडही मिळतात, पण मॅट प्रवासात येत नाही आणि डोक्याला पट्टा बांधून रोज झोपणं मला तरी जमेल असं वाटत नाही.

घड्याळ कोणी घ्यावं? जो पळतो, ज्याला जीपीएस हवंय, किंवा शेजारच्याला न उठवता मनगटावर थरथरणारा अलार्म हवाय, त्याने खुशाल घ्यावं. मोठ्याने घोरणं, दिवसा पेंग असं काही असेल तरीही घड्याळाचा विचार करा, कारण स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास थांबून थांबून येण्याच्या त्रासाची) शक्यता सांगणाऱ्या फीचरला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २०२४ मध्ये सॅमसंग आणि ॲपल दोघांच्याही घड्याळांसाठी परवानगी दिली. ते निदान नाही, इशारा आहे, पुढे डॉक्टरकडे जावंच लागतं, आणि इशारा आला नाही म्हणून त्रास नाही असंही नाही.

बाकी फक्त झोपेसाठी घेत असाल तर माझं वजन रिंगच्या पारड्यात, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. घेताना कंपनीची प्लास्टिकची साइझिंग रिंग मागवून ती एक पूर्ण दिवस आणि रात्र घाला, कारण बोट सकाळी उठल्यावर सुजल्यासारखं असतं आणि थंडीत बारीक होतं. तर्जनीत बसवा, सेन्सर तळहाताच्या बाजूला. आणि घड्याळावरच मन असेल तर भारी स्क्रीनवालं सोडून आठवडाभर बॅटरी जाणारा साधा बँड बघा, झोपेच्या कामाला तो महागड्या घड्याळापेक्षा सरस पडेल असं मला वाटतं.